काटेकोर आणि पायपीट

माझी मावशी एकतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होती. बातमी छापायला जाण्याआधी तिच्यातल्या चुका हुडकून काढायच्या, हे तिचं काम. निवृत्तीच्या दिवशी तिनं टेबल रिकामं केलं, चष्म्याचं घर पिशवीत टाकलं, हातात दिलेल्या मानपत्रातल्या दोन चुका तिथल्या तिथे दुरुस्त केल्या आणि घरी आली. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. एकदा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवी पडलेली असताना समोरच्या भिंतीवर तिला 'दात घासन्याची योग्य पद्धत' असा तक्ता दिसला. तोंडात नळी, आरसा आणि कापसाचे बोळे. ही आपली भिंतीकडे बोट दाखवून घशातून आवाज काढतेय. डॉक्टरांना वाटलं भूल उतरली, म्हणून त्यांनी आणखी एक सुई टोचली. संध्याकाळपर्यंत मावशीचा अर्धा चेहरा बधिर होता. पण तक्ता बदलून घेतल्याशिवाय तिनं पुढचा दात दाखवला नाही.

काका, म्हणजे तिचे यजमान, शिलाई मशीन दुरुस्त करतात. राहत्या घराखालीच त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले चामडी पट्टे, चपट्या डब्यांत सुया, काचेच्या बरण्यांत सुटे स्क्रू, आणि मशीनच्या तेलाचा वास थेट वरच्या मजल्यावरच्या उशांपर्यंत. काका फारसं बोलत नाहीत. मशीनला कान लावून बसतात. चाक हातानं एकदा फिरवलं की त्यांना कळतं, दुखणं कुठे आहे ते. मावशी म्हणते, "मी बोलत असताना असा कान लावला असता तर मी आत्तापर्यंत संत झाले असते."

तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्या दुकानाचं संकेतस्थळ करून दिलं. माझा पोटापाण्याचा उद्योग संगणकावरचाच, त्यामुळे भाचीकडून एवढी अपेक्षा होतीच. चार पानं केली. पहिल्या तीन पानांवर नेहमीचंच, दुकान, वेळ, फोन. चौथ्या पानात मात्र जीव होता. काकांनी चाळीस वर्षांत हाताळलेल्या जुन्या मशीनांची माहिती त्यांनी सांगितली आणि मावशीनं लिहून काढली. कुठल्या मशीनला कोणती सुई, दोरा कुठून कुठे ओवायचा, तेलाचे थेंब कुठे सोडायचे, टाका सुटायला लागला तर आधी काय तपासायचं. ज्यांच्या घरात आजीची मशीन धूळ खात पडली होती असे कुठले कुठले लोक ते पान वाचायला लागले.

त्याच सुमारास मी दुकानाची नोंद गल्लीकोशातही टाकली. गल्लीकोश म्हणजे आमच्या शहराचा सगळ्यांनी मिळून लिहिलेला कोश. कुठलं दुकान कुठे आहे, कधी उघडतं, फोन काय, संकेतस्थळ कुठलं, असं सगळं त्यात असतं. कोणीही लिहावं, कोणीही बदलावं, मालक असा कोणीच नाही. दुकानाची नवी गिऱ्हाइकं निम्म्याहून जास्त तिथूनच यायची. नोंद टाकली, तिघांनी मिळून एकदा वाचली आणि आम्ही विसरून गेलो. तीच आमची चूक, पण ती कळायला तीन वर्षं लागली.

या वर्षी फोन हळूहळू वाजेनासा झाला. आधी दिवसाआड एखादा, मग आठवड्यात एखादा, मग नाहीच. एका दुपारी मी गेले तर ते बारीक पेचकस एकेक पुसून फडक्यात गुंडाळत होते.

"काका, आवराआवर?"

"अगं, आता शिवतंय कोण घरी," ते म्हणाले. "मशीनच नाहीत तर दुरुस्त काय करणार! जे कोणी शिकतंय त्याला ही हत्यारं देऊन टाकू म्हणतोय. गंजून जाण्यापेक्षा बरं."

आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. मावशी वरून ओरडली, "ऐकू नकोस त्यांचं! उन्हाळ्यात मंदी असतेच!" पण खाली आली तेव्हा तिनंही त्या गुंडाळीकडे पाहायचं टाळलं.

चार दिवसांनी एक शिंपीणबाई आल्या. काकांची वीस वर्षांची गिऱ्हाईक. बोळातल्या दारातून आत शिरल्या त्याच पडेल चेहऱ्यानं, आणि मावशीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वाईट वाटलं हो ऐकून. फार भले होते."

मावशी दचकली. "कोण?"

तेवढ्यात टेबलाखालून काकांचं डोकं वर आलं. एक स्क्रू घरंगळला होता तो शोधत होते. शिंपीणबाई किंचाळल्याच.

"अहो, गल्लीकोशात लिहिलंय 'कायमचे बंद' म्हणून! तिथल्या नंबरवर फोन लावला तर एक बाई म्हणाल्या, दुकान बंद झालंय, परत फोन करू नका. मला वाटलं... म्हणजे आता काय वाटलं ते सांगत नाही."

"मी आहे अजून," काका म्हणाले आणि स्क्रू बरणीत टाकला.

मावशीनं मला फोन करून नुसतं "ये" म्हटलं. मी गेले, आम्ही गल्लीकोश उघडला, आणि तिघंही त्या पडद्याकडे बघत राहिलो. दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरात 'कायमचे बंद'. संकेतस्थळाच्या दुव्यावर टिचकी मारली तर पाठ चेपणाऱ्या खुर्च्या विकणारं भलतंच दुकान उघडलं. फोन नंबर मात्र वरवर पाहता ठीक होता, म्हणून त्याच्याकडे कोणी निरखून पाहिलं नाही.

गल्लीकोशात प्रत्येक नोंदीला 'इतिहास' असतो. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं तिथे राहतं. 'कायमचे बंद' हे तीन आठवड्यांपूर्वी 'पायपीट' नावाच्या सदस्यानं लिहिलं होतं. खुर्च्यांचा दुवा आठवड्यापूर्वी कुणा बिननावाच्या माणसानं डकवला होता.

"पायपीट!" मावशी म्हणाली. "बघतेच याला." तिनं बाही सारखी केली आणि आपल्या खात्यात शिरली. गल्लीकोशातलं तिचं नाव होतं 'काटेकोर'. 'कायमचे बंद' खोडून तिनं लिहिलं, 'दुकान चालू आहे. मी स्वतः आत बसले आहे.' मीही खुर्च्यांचा दुवा काढून आपला घातला. चला, संपलं, असं म्हणून काकांनी कॉफी ठेवली.

कॉफी उतू जायच्या आत पायपीटनं सगळं पूर्ववत केलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'पुरावा नाही. मी तीन वेळा प्रत्यक्ष जाऊन पाहिले. शटर खाली.'

मावशीनं परत बदललं. त्यानं परत उलटवलं. तिनं बदललं, त्यानं उलटवलं. मी म्हणत होते, "मावशी, असं नको, तिथले काही नियम आहेत," पण ऐकतंय कोण! दैनिकातल्या एकतीस वर्षांत तिच्या लाल शाईला कोणी उलट उत्तर दिलेलं नव्हतं. दुपारपर्यंत पाच वेळा तिकडून, पाच वेळा इकडून. शेवटी गल्लीकोशाच्या एका प्रबंधकानं येऊन ते पान सात दिवसांसाठी बंद करून टाकलं. कोणालाच काही बदलता येणार नाही, भांडण आधी चर्चा पानावर, म्हणजे नोंदीमागच्या बोलण्याच्या जागी, मिटवा. आणि ज्या क्षणी कुलूप लागलं त्या क्षणी पानावर काय होतं? 'कायमचे बंद'.

"म्हणजे सात दिवस तुम्ही अधिकृतपणे बंद," मी काकांना म्हणाले.

"मग मी सुट्टी घेऊ का?" काकांनी विचारलं. मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते निमूटपणे मशीनमागे जाऊन बसले.

मग मी तिला शांतपणे समजावलं. ते पान आपल्या दुकानाबद्दल आहे, पण आपलं नाही. मालकानंच येऊन आपली बाजू रेटली तर तिथल्या लोकांना उलट संशय येतो. आधी सांगून टाकायचं की मी दुकानदाराची बायको आहे. मग पान न बदलता चर्चा पानावर मागणी करायची आणि असा पुरावा द्यायचा जो कोणालाही तपासता येईल.

"माझ्या नवऱ्याचं दुकान चालू आहे याचा पुरावा मी द्यायचा?"

"हो."

"तो माणूस चुकीचा आहे!"

"असेल. पण तो वाईट आहे असं इतिहास सांगत नाही," मी म्हटलं आणि पायपीटची बाकीची कामं उघडून दाखवली. चार हजारांवर नोंदी. कुठल्या दवाखान्याची वेळ बदलली, कुठल्या वाचनालयाचा जिना दुरुस्तीला काढला, कुठल्या चौकातलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. प्रत्येकीखाली तारीख, वेळ आणि 'प्रत्यक्ष पाहिले'. मावशी बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "अनुस्वार मात्र सगळे जागेवर आहेत हो याचे." तिच्या तोंडून यापेक्षा मोठी पावती मी ऐकलेली नाही.

पानाला कुलूप असलं तरी मावशीच्या हातांना नव्हतं. तिनं एक आखीव वही काढली आणि आमच्या संकेतस्थळाचा उल्लेख कुठे कुठे आहे ते शोधून लिहून काढलं. अकरा जागा निघाल्या. दोन नकाशे, दुकानांच्या तीन याद्या, शिवणकामाचे दोन मोठे कोश, आणि उरलेल्या किरकोळ. सगळ्या अशाच, कोणीही यावं आणि बदलावं. प्रत्येकीपुढे तिनं आज तिथे काय लिहिलंय ते अक्षरशः उतरवून घेतलं. प्रत्येक पानाचं चित्र साठवून ठेवायला मी शिकवलं, आणि पान बदललं की ईमेलवर पत्र येईल अशी सोय जिथे होती तिथे ती लावून दिली. दोन ठिकाणी दुव्यातलं एक अक्षर गळालं होतं. एका नकाशावर दुकान चक्क तळ्याच्या मध्यात दाखवलं होतं.

"म्हणून गिऱ्हाईक येत नसेल," काका म्हणाले. "पोहता येत नसेल त्यांना."

तिसऱ्या दिवशी मावशीला त्या पाठचेप्या खुर्च्यांचा माग लागला. तोच दुवा तिनं गल्लीकोशात शोधला तर आणखी अडतीस दुकानांच्या नोंदींवर सापडला. छत्र्या दुरुस्त करणारा, घड्याळवाला, चष्म्यांच्या दांड्या जोडणारी बाई, किल्ल्या करणारा. सगळी छोटी, हातानं काम करणारी माणसं, ज्यांच्या नोंदींकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलेलं नसतं. कोणीतरी नेमकी तीच निवडून, खरे दुवे काढून आपला डकवत सुटला होता. मावशीनं अडतिसांचीही यादी केली. मूळ दुवा कोणता होता, कधी बदलला, कोणत्या क्षणी. आणि ती चर्चा पानावर ठेवली. सुरुवातीला एक वाक्य होतं, आणि ते लिहायला तिला, मी मोजलं नाही, पण अर्धा तास नक्की लागला: 'मी या दुकानाच्या मालकांची पत्नी आहे, त्यामुळे पान स्वतः बदलत राहणे योग्य नव्हते.'

तासाभरात प्रबंधकानं अडतीसही नोंदी दुरुस्त केल्या आणि तो दुवा गल्लीकोशात पुन्हा कधी टाकताच येणार नाही अशी व्यवस्था केली. त्याच्याखाली पायपीटचं उत्तर आलं: 'यादी उत्तम. परंतु दुकान बंद आहे.'

"किती हट्टी माणूस!" मावशी म्हणाली. पण या वेळी ती हसत होती.

तिनं विचारलं, आपण नक्की कुठे उभे राहून पाहिलंत? उत्तरात तीन तारखा, तीन वेळा आणि एक छायाचित्र आलं. छायाचित्रात आमचंच शटर, खाली ओढलेलं, आणि त्याच्यापुढे मातीचा ढीग. तेव्हा कुठे उलगडा झाला. तीन महिन्यांपूर्वी नळाच्या कामासाठी समोरचा पदपथ खणला होता. तेव्हापासून काका पुढचं शटर उघडतच नव्हते. गिऱ्हाइकं बाजूच्या बोळातल्या दारानं यायची. जुन्यांना ते ठाऊक होतं. नवीन माणसानं ढिगापुढे उभं राहून काय समजायचं?

मावशीनं लिहिलं, 'आपण ज्या दारापुढे उभे होतात ते तूर्त वापरात नाही. दार बोळात आहे.'

पायपीटनं लिहिलं, 'बोळाचा उल्लेख आपल्या संकेतस्थळावर नाही. शटरवर पाटी नाही.'

दोन्ही खरं होतं. संकेतस्थळ माझ्याकडे होतं. मावशीनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मी गुपचूप संगणक ओढून बोळाचा रस्ता लिहायला बसले. काकांनी पुठ्ठ्यावर बाण काढला. बाण उलट्या दिशेला निघाला, तो परत काढला.

मग मावशीनं शेवटचं लिहिलं: 'आपल्याला प्रत्यक्ष पाहिलेलेच पटते, हे मला आवडले. गुरुवारी अकरा वाजता या. बोळातून.'

गुरुवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना बोळातलं दार वाजलं. दारात एक उंच, वाळके गृहस्थ. पायांत झिजलेले पण चकचकीत बूट, खिशात छोटी वही, आणि दोन्ही हातांत कवटाळून धरलेली, चादरीत गुंडाळलेली शिलाई मशीन. घामानं निथळत होते.

"पायपीट," ते म्हणाले.

"काटेकोर," मावशी म्हणाली.

नमस्कार करायला त्यांचे हात मोकळे नव्हते. काकांनी पुढे होऊन मशीन उतरवून घेतली. आत येताच गृहस्थांनी आधी दाराच्या वर पाहिलं, तिथल्या विजेच्या मीटरकडे. लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी वही काढून आकडा टिपून घेतला.

"वापर आहे," ते म्हणाले. "म्हणजे चालू आहे."

चौतीस वर्षं ते वीज कंपनीत मीटरचे आकडे घेत फिरत होते. शहरातलं एक दार असं नव्हतं जे त्यांनी वाजवलं नसेल. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून तेच चालणं गल्लीकोशासाठी सुरू ठेवलं. मशीन त्यांचीच होती. सदरे स्वतः शिवायचे. ती टाके सोडायला लागली म्हणून गल्लीकोशात बघून इथे आले होते. शटर बंद. आठवड्यानं पुन्हा आले. शटर बंद. पुन्हा आले.

"हे ओझं घेऊन? तिन्ही वेळा?" काकांनी विचारलं.

"तिन्ही वेळा. आजची चौथी." खुर्चीवर टेकत ते म्हणाले. "तरी मी घाईनं बंद लिहिलं नाही, बाई. तिसऱ्या वेळी परत जाताना फोन लावला. एक बाई म्हणाल्या, दुकान केव्हाच बंद झालं. शटर खाली आणि फोनवर साक्ष. आणखी काय हवं?"

मावशीच्या कपाळावर आठी पडली. "शिंपीणबाईंनाही तसंच कोणी सांगितलं होतं. आमच्या फोनवर आमच्याशिवाय दुसरी बाई कुठून येईल?"

गृहस्थांनी वहीतला नंबर वाचून दाखवला. काका मशीनचं झाकण काढता काढता थांबले. "शेवट सहा-नऊ आहे. तुम्ही नऊ-सहा वाचलंत."

"गल्लीकोशात नऊ-सहाच आहे."

"म्हणजे नंबरही बदलला कोणीतरी!" मावशी उठलीच. "खुर्च्यावालाच असणार. उघड गं इतिहास."

मी इतिहास उघडला. खाली खाली गेले. अडीच महिन्यांपूर्वीची एक छोटीशी नोंद होती. 'दूरध्वनी क्रमांक वाचनसुलभ केला. आकड्यांत योग्य अंतर सोडले.' आणि पुढे सदस्याचं नाव. मी ते मोठ्यानं वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती, मावशी माझ्या खांद्यावरून बघत होती.

काटेकोर.

मावशी खुर्चीत बसली. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, परत पडद्याकडे पाहिलं. आकडे काही बदलले नाहीत.

"दहा आकडे सलग होते," ती हळूच म्हणाली. "दिसायला वाईट दिसत होते. म्हणून मी..." आणि थांबली.

तिचा चेहरा मी कधी असा पाहिलेला नव्हता. एकतीस वर्षं जिनं लोकांच्या चुका पकडल्या त्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याचा फोन नंबर उलटा केला होता. आणि त्यापायी तो माणूस आपली हत्यारं फडक्यात गुंडाळत बसला होता. तिनं काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडते.

काकांनी मशीनचं चाक हातानं फिरवलं, कान लावला, आणि मग म्हणाले, "चूक कोणाची ते कळलं ना? मग झालं. मला वाटत होतं, लोकांना मी नकोसा झालोय."

"असं का वाटून घेतलंत?"

"फोन वाजत नव्हता," काका म्हणाले. एवढंच.

पायपीट खाकरले. "बाई, चौतीस वर्षांत मी एकदा एका घराला शेजारच्या कारखान्याचं बिल पाठवलंय. म्हातारे गृहस्थ आठ दिवस अंधारात बसले होते, बिल बघून दिवे लावायचीच भीती बसली. अजून तो दरवाजा मी चुकवून जातो."

मावशी हसली, आणि मग डोळे पुसले. दोन्ही एकदमच.

त्यानंतर तिनं जे केलं ते मला फार आवडलं. तिनं गल्लीकोशाचं चर्चा पान उघडून लिहिलं: 'फोन क्रमांकातली चूक माझी आहे. तारीख इतिहासात आहे. 'पायपीट' यांनी जे लिहिले ते मिळालेल्या माहितीनुसार रास्त होते.' मी म्हटलं, एवढं सगळं लिहायची गरज नाही, नुसता नंबर दुरुस्त करायला सांग. तर म्हणाली, "शुद्धिपत्र पहिल्या पानावर छापायचं असतं. आतल्या पानावर लपवलं की ते शुद्धिपत्र राहत नाही."

मग तिनं त्या नऊ-सहावाल्या बाईंना फोन लावला. आम्ही सगळे कान देऊन. पलीकडून आधी "मशीन नाही इथे!" अशी सरबत्ती झाली. मावशीनं ती पूर्ण ऐकून घेतली आणि आपण कोण ते सांगून माफी मागितली. बाई निवळल्या. त्या लहान मुलांची गायनाची शिकवणी घेत होत्या आणि अडीच महिने दर दुसऱ्या गाण्यात कोणीतरी "बॉबिन अडकलंय" म्हणून फोन करत होतं. सुरुवातीला त्यांनी 'चुकीचा नंबर' असं सांगून पाहिलं, पण लोक परत परत लावायचे. शेवटी कंटाळून 'दुकान बंद झालं' म्हणायला लागल्या, तेव्हा कुठे शांतता झाली.

"तुमचं दुकान मीच बंद केलं म्हणा की," त्या म्हणाल्या. त्यांनी एक कागदही ठेवला होता, वैतागून, तक्रार करायला उपयोगी पडेल म्हणून. फोन करणाऱ्यांचे नंबर. सत्तावीस. ते सगळे त्यांनी मावशीला वाचून दाखवले. मावशीनं लिहून घेतले, आणि मग एकेक आकडा त्यांना परत वाचून दाखवला. दोनदा.

सत्तावीस जणांना काकांनी स्वतः फोन केले. एरवी तीन शब्दांत फोन आटपणारा माणूस, पण त्या दिवशी "हो, हो, चालू आहे, बोळातून या" असं सत्तावीस वेळा म्हणाला. एकोणीस जण आले. उरलेल्यांनी दुसरीकडे काम करून घेतलं होतं किंवा मशीन देऊन टाकली होती. ते तर गेलंच. पण दुसऱ्या आठवड्यात काकांच्या टेबलावर पाच मशीन रांगेत होत्या आणि पेचकस फडक्यातून बाहेर येऊन आपापल्या खिळ्यांना लागले होते. पायपीटांच्या मशीनचं दुखणं किरकोळ निघालं, सुई उलटी बसवलेली. काकांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं नाही. त्यांना बाजूला घेऊन, हळूच दाखवलं.

पानाचं कुलूप उघडल्यावर नोंद पायपीटांनीच दुरुस्त केली. मावशी आता स्वतः त्या पानाला हात लावत नाही. काही बदलायचं असलं तर चर्चा पानावर मागणी टाकते आणि कोणीतरी येऊन करेपर्यंत धीर धरते. धीर धरणं हे तिचं क्षेत्र नव्हे, पण शिकतेय. नंबरासारखं काही असेल तर पाठवण्याआधी काका मोठ्यानं वाचतात आणि ती कागदावर बोट ठेवून ऐकते, दैनिकात जोडीनं वाचायचे तसं. रोज सकाळी कॉफी झाली की वही काढून अकरा जागा बघते. त्याला वीस मिनिटं लागतात. बहुतेक दिवशी काहीच बदललेलं नसतं, आणि तसं ती 'जैसे थे' असं लिहून ठेवते.

मंगळवारी मात्र ती आणि पायपीट बाहेर पडतात. त्या अडतीस दुकानांपैकी बऱ्याच जणांना आपल्याबद्दल कुठे काय लिहिलंय याचा पत्ताच नव्हता. किल्ल्या करणाऱ्याच्या नोंदीत त्याच्या वडिलांचा जुना फोन होता. चष्म्यांच्या दांड्या जोडणारी बाई चार वर्षांपूर्वीच रस्त्याच्या पलीकडे गेली होती. हे दोघं दुकानात जातात, मीटर बघतात (ती सवय काही सुटत नाही), पाटी वाचतात, मालकाला त्याच्याच फोनवर त्याची नोंद दाखवतात आणि पान बदललं की पत्र येईल अशी सोय लावून देतात. मावशी पाटीवरच्या चुकाही सांगते, तो भाग फुकट. छत्रीवाला आता तिला लांबून येताना पाहिलं की पाटीवर छत्री उघडून धरतो.

मागच्या महिन्यात एक गंमत झाली. सकाळी मावशीला पत्र आलं, शिवणकामाच्या एका मोठ्या कोशातलं पान बदललंय. आमच्या चौथ्या पानाचा दुवा तिथे जुन्या मशीनांच्या माहितीखाली होता. ती धावत संगणकापाशी गेली. इतिहास उघडला तर दोन नोंदी. कोणीतरी आमचा दुवा काढून तिथे भलतंच काही चिकटवलं होतं. आणि सहा मिनिटांनी दुसऱ्याच कोणीतरी ते उडवून आमचा दुवा परत लावला होता. पायपीटांना फोन केला, ते म्हणाले मी नाही. मला विचारलं, मीही नाही. प्रबंधकही नव्हता. कधी नाव न ऐकलेला सदस्य, कुठल्या गावचा कोण जाणे.

मावशीनं त्याच्या चर्चा पानावर आभार लिहिले. दुपारी उत्तर आलं: 'आजीची मशीन या पानामुळे सुरू झाली. ती आता रोज शिवते. म्हणून पानावर लक्ष ठेवतो.'

तिनं ते उत्तर काकांना वाचून दाखवलं. काका एका मशीनला कान लावून बसले होते. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, चाक थांबवलं, आणि म्हणाले, "परत वाच."

तिनं परत वाचलं.